बोनी एमच्या 'ग्रेटेस्ट हिट्स' : आवाज कुणाचा, नाच कुणाचा

डिसेंबर लागला की म्हापशाच्या बाजारात, पणजीत अठरा जून रस्त्यावर, मडगावात कुठेही जा, सत्तरच्या दशकातल्या, जर्मनीत जमवलेल्या बोनी एम या ग्रुपचं 'मेरीज बॉय चाइल्ड' कानावर पडतंच आणि त्याच्यामागून 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन', 'डॅडी कूल', 'रासपुतीन' अशी सगळी वरात येते. पण ही गाणी आपण आज ज्या लांबीत ओळखतो ती मूळची नाही, ती बहुतेक १९८० साली निघालेल्या 'द मॅजिक ऑफ बोनी एम' या २० गाण्यांच्या संग्रहामुळे पक्की झाली. एका एलपीवर, म्हणजे एका मोठ्या तबकडीवर, २० गाणी बसवायची म्हटल्यावर कापाकापी आलीच, वर त्यात त्या वर्षीची नवीन दोन गाणीही घुसवली, 'माय फ्रेंड जॅक' आणि 'आय सी अ बोट ऑन द रिव्हर'. संग्रह इंग्लंडात एक नंबरला गेला. पुढच्याच वर्षी ग्रुपमधला नाचणारा, बॉबी फॅरेल, बाहेर पडला आणि १९८६ पर्यंत सगळंच संपलं. म्हणजे आपण ज्याला बोनी एम म्हणतो तो खरा काळ जेमतेम १९७६ ते १९८०, बस्स.

त्यातही १९७८ हे वर्ष बाकी सगळ्यांवर भारी. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' इंग्लंडात पाच आठवडे एक नंबरवर, मग रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून 'ब्राउन गर्ल इन द रिंग' वाजवायला सुरुवात केली तर तेही दोन नंबरपर्यंत चढलं, आणि डिसेंबरात 'मेरीज बॉय चाइल्ड' परत एक नंबर. मधल्यामध्ये 'रासपुतीन', रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या त्या साधूवरचं गाणं. त्याच डिसेंबरात मॉस्कोला कार्यक्रम झाले, फक्त 'रासपुतीन' गायचं नाही असं तिकडून आधीच बजावलेलं होतं. आज मोरजीच्या शॅकमध्ये पाटी रशियनमध्ये आणि स्पीकरवर तेच गाणं लागलेलं असतं आणि रशियन पाहुणे टेबलावर थाप देत गात असतात, तेव्हा हे आठवतं.

'रिव्हर्स'बद्दल एक सांगायलाच पाहिजे. हे गाणं त्यांचं नव्हे. १९७० साली जमैकातल्या तिघांनी केलेलं रास्ताफारी, म्हणजे तिथल्या एका धर्मपंथाचं, गाणं आहे ते, शब्द बायबलातल्या १३७ व्या स्तोत्रावरून, परमुलखात नेलेल्या लोकांचं रडणं. जमैकावाल्यांनी त्यात देवाच्या जागी आपल्या इथिओपियाच्या राजाला घातलं होतं, जर्मनीतल्या रेकॉर्डिंगमध्ये तो राजा काढून परत देव बसवला. गाणं चर्चच्या अंगणात वाजवायला मोकळं झालं ते त्यामुळे, पण ज्यांचं दुःख होतं त्यांची खूण पुसली गेली ती गेलीच.

गोव्यात हे सगळं आलं कसं, तर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या, लोकांच्या पेट्यांतून आणि गल्फमधून आलेल्या टेपरेकॉर्डरबरोबर. एक ओरिजिनल कॅसेट आली की वाड्यावर तिच्या कॉप्या फिरायच्या, दुसऱ्या-तिसऱ्या कॉपीत ड्रम नुसते धपधप ऐकू यायचे तरी चालायचं. लग्नातल्या बँडना तर ही गाणी आयती सापडली, ट्रम्पेटवाल्याला काम, बेसवाल्याला काम आणि खालच्या पट्टीत दोन शब्द टाकायला कुणीतरी जाड आवाजाचा हवाच. आणि हे फक्त ख्रिस्ती घरांत नव्हतं हां. फोंडा-डिचोलीकडे ज्या घरांत संध्याकाळी भजन आणि रात्री नाट्यगीतं, चतुर्थीला घुमट आरती, त्याच घरातली पोरं 'मा बेकर'वर खांदे उडवायची, आणि मोठ्या माणसांचाही विरोध म्हणावा तसा नव्हता.

आणि बघणं वेगळंच. चंदेरी-सोनेरी कपडे, टिकल्या, पाठीमागे उडणारा झगा, उघडी छाती, तो केसांचा डोंगर. फोटोतसुद्धा तो नाचणारा उभा राहिलेला वाटायचा नाही, हलतोय असंच वाटायचं.

आता त्याच्यावरच सगळा वाद आहे. त्याने स्टुडिओत गायलेलंच नाही. १९७५ मध्ये फ्रँक फॅरियन या जर्मन निर्मात्याने पहिलं गाणं एकट्यानेच केलं, जाडा आवाज त्याचा, बारीकही त्याचाच, आणि नाव एका ऑस्ट्रेलियन डिटेक्टिव्ह सिरीयलवरून उचललं. ते हॉलंड-बेल्जियममध्ये चाललं, कार्यक्रमाला बोलावणी यायला लागली, मग चेहरे शोधले. कॅरिबियनमधून आलेले चौघे जमले, त्यातल्या दोघीजणी रेकॉर्डवर खरंच गायल्या, तिसरी आणि तो नाचणारा नाही. १९७८ मध्ये, म्हणजे सगळं जोरात असताना, निर्मात्याने हे स्वतःच बोलून टाकलं. तरी रेकॉर्ड खपायच्या थांबल्या नाहीत. पुढे त्याच निर्मात्याच्या दुसऱ्या जोडीचं, मिली व्हॅनिलीचं, असंच उघडं पडलं तेव्हा १९९० मध्ये त्यांचं ग्रॅमी परत घेतलं, त्या दोन पोरांची आयुष्यभराची बदनामी झाली.

आपल्याकडे प्लेबॅक जन्मापासून माहीत, पडद्यावर एक आणि आवाज दुसऱ्याचा यात कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. म्हणून इथे बरेच जण म्हणतात की त्यात काय एवढं. माझं मत इतकं सोपं नाही. प्लेबॅकमध्येसुद्धा सुरुवातीला गाणाऱ्याचं नाव रेकॉर्डवर नसायचं, १९४९ च्या एका गाजलेल्या हिंदी सिनेमाच्या तबकडीवर गायिकेच्या जागी चक्क पात्राचं नाव छापलेलं होतं, नाव मागून घ्यावं लागलं. बोनी एममध्ये तोच प्रश्न, फक्त उलटा. ज्याचं नाव आणि चेहरा सगळीकडे, तो आवाजात नाही, आणि त्या दोघीजणी, ज्यांनी 'रिव्हर्स' आणि 'बेलफास्ट' उचलून धरली, त्या पोस्टरवर त्याच्या मागे उभ्या. अन्याय झाला असेल तर तो त्यांच्यावर आधी झाला. नाचणाऱ्याला मात्र लबाड म्हणणं मला पटत नाही. तो स्टेजवर स्वतःच्या आवाजात गायचा, अंगातला घाम खोटा नव्हता, आणि त्याच्याशिवाय ही गाणी जर्मनीच्या बाहेर किती गेली असती याची मला शंका आहे. ठरवलं निर्मात्याने, पैसाही जास्त त्याच्याकडे, आणि बोलणी खाल्ली नाचणाऱ्याने.

पुढचा काळ त्याच नावावरून भांडण्यात गेला. चौघेही आपापले बोनी एम घेऊन फिरायला लागले, एकाच वेळी दोन-तीन 'ओरिजिनल', कोर्टकचेऱ्या. तो नाचणारा शेवटपर्यंत कार्यक्रम करत राहिला, ३० डिसेंबर २०१० ला सेंट पीटर्सबर्गला कार्यक्रमानंतर हॉटेलात वारला. खरा रासपुतीन मारला गेला तेही ३० डिसेंबरलाच, १९१६ साली, त्याच शहरात. २०२१ मध्ये 'रासपुतीन'चं नवं रिमिक्स आलं आणि मोबाईलवरच्या छोट्या व्हिडिओंतून आमच्या पुतण्या-भाच्यांपर्यंत पोचलं, त्यांना गाणं पाठ आहे पण ग्रुप माहीत नाही.

म्हणून त्यांना मी १९७८ चा अख्खा अल्बम लावून देतो, 'नाइटफ्लाइट टू व्हीनस'. संग्रहात जे कापलं ते तिथे आहे. पहिल्या, अल्बमच्याच नावाच्या गाण्यात आधी यानातली घोषणा, यंत्रासारख्या आवाजात उलटी मोजणी, मग ड्रम सुरू होतात आणि गाणं संपलं असं वाटतं तरी ड्रम थांबतच नाहीत, तसेच वाजत वाजत थेट 'रासपुतीन'मध्ये घुसतात. ही दोन गाणी सुटी ऐकायची नाहीतच, आवाज वाढवून सलग ऐका.