फोनवरचा पडसाद कोणाच्या घरचा?

यंदा गणपतीत गुहागरला होतो. शेजारच्या काकूंचा मुलगा दुबईला असतो. आरतीच्या जरा आधी त्याचा फोन आला. बोलता बोलता काकू थबकल्या, फोन कानापासून लांब धरला आणि म्हणाल्या, "बघ रे, माझाच आवाज मला परत ऐकू येतोय. कुणीतरी आमचं बोलणं ऐकतंय." ओटीवरच्या दोघातिघांनी लगेच दुजोरा दिला. लाइन टॅप झाली की असंच होतं म्हणे.

हा समज मी एसटीडी बूथच्या काळापासून ऐकत आलोय आणि तो साफ चुकीचा आहे. डिजिटल टेलिफोनमध्ये आवाज म्हणजे आकड्यांची रांग. सेकंदाला ८००० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजायची आणि प्रत्येक मापाचा ८ बिटांचा आकडा करून पुढे पाठवायचा. अशा रांगेची कुणी नक्कल करून घेतली तरी मूळ आकडे जसेच्या तसे राहतात. चोरून ऐकणाऱ्याची चाहूल पडसादातून लागत नाही. मग पडसाद येतो कुठून?

तो समोरच्याच्या टोकाला तयार होतो. काकूंना जो ऐकू येत होता, त्याचा उगम दुबईत होता.

हे नीट कळायला जुन्या तारेच्या फोनकडे जावं लागेल. घरापासून एक्स्चेंजपर्यंत तांब्याच्या दोनच तारा यायच्या. जाणारा आणि येणारा आवाज त्याच जोडीवरून जायचा, जशी साकवावरून दोन्हीकडची माणसं जातात. एक्स्चेंजच्या पुढे मात्र जाण्याचा मार्ग वेगळा, येण्याचा वेगळा. जिथे हे दोन मार्ग एका जोडीला मिळतात, तिथे हायब्रिड नावाचं सर्किट असतं. आलेला सगळा आवाज त्याने घराकडे वळवायचा, परतीच्या मार्गावर थेंबही सांडू द्यायचा नाही. त्यासाठी या सर्किटात घरच्या लाइनची एक विद्युत नक्कल बसवलेली असते. नक्कल आणि खरी लाइन तंतोतंत जुळली तर गळती शून्य. पण एक घर एक्स्चेंजला लागून आणि दुसरं डोंगरापलीकडच्या वाडीत. त्यात आमच्याकडची खारी हवा, माडांतून ओढलेली तार, पावसात हिरवे पडलेले जोड. एकच नक्कल सगळ्यांना कशी जुळणार? थोडा आवाज गळतो आणि बोलणाऱ्याकडे परत निघतो.

गुहागरहून चिपळूणला बोलताना हा परतलेला आवाज इतक्या झटपट येतो, की आपल्याच बोलण्यात मिसळून जातो. खटकतो तो उशीर. भूस्थिर उपग्रह, म्हणजे जमिनीवरून कायम एकाच जागी दिसणारा, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आवाज वर जाऊन खाली, आणि पडसाद पुन्हा वर जाऊन खाली, असा चार वेळा तेवढा प्रवास. साधारण १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने त्याला जवळपास अर्धा सेकंद लागतो. आखाती देशांतून उपग्रहामार्गे येणारे फोन ज्यांनी घेतलेत, त्यांना हा अर्धा सेकंद पाठ असेल. डोंगरावरून येणाऱ्या पडसादालाही हाच हिशेब लागू. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे अर्ध्या सेकंदाने हाक परत आली तर समोरचा डोंगर ८५ मीटरवर आहे. रात्री तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये, असं आमच्याकडे अजून मुलांना सांगतात. त्यांना भीती घालण्यापेक्षा एकदा हाक मारून त्या डोंगराचं अंतर मोजायला लावावं.

आता माझ्या आवडीची गोष्ट. रत्नागिरीच्या एका भंगारवाल्याकडून आणलेलं जुनं व्हॉइस कार्ड, म्हणजे फोनचे आवाज हाताळणाऱ्या यंत्रात बसवायची पाटी, माझ्या टेबलावर आहे. हिरवी पाटी, एका कडेला ई-वन जोडणीची खोबण, मधे काळ्या चिपांची रांग. ई-वन म्हणजे एका जोडणीवर ३२ कप्पे, प्रत्येकी ६४ किलोबिट, एकूण सेकंदाला २०४८ किलोबिट. त्यातला एक कप्पा ताळमेळाला, एक फोन जोडण्या-तोडण्याच्या निरोपांना आणि उरलेले ३० बोलण्याला. त्या काळ्या चिपा डीएसपी, म्हणजे संकेतांचं गणित करण्यासाठीच बनवलेल्या. ३० संभाषणांमधून पडसाद वेचून काढणं हे त्यांचं मुख्य काम.

वेचायचं कसं? आवाज गाळून पडसाद निघत नाही, कारण पडसाद हाही माणसाचाच आवाज. चिपकडे एकच भांडवल असतं. लांबून काय आलं होतं, ते तिला ठाऊक असतं. ती शेवटचे ५१२ आकडे लक्षात ठेवते, म्हणजे ६४ मिलिसेकंदांचा आवाज. प्रत्येकाला एकेका गुणकाने गुणते आणि बेरीज करते. ही बेरीज म्हणजे तिचा अंदाज, की आत्ता एवढा पडसाद परतत असणार. परतीच्या आवाजातून तो अंदाज वजा करून बाकी पुढे पाठवते.

सुरुवातीला सगळे गुणक शून्य, म्हणजे चिपला काहीच माहीत नाही. एकाच गुणकाचं उदाहरण घेऊ. आला १०० आणि गळून परतला २५. चिपचा अंदाज ०, चूक २५. आता तिने ठरवलंय की दर वेळी चुकीचा पाचवा हिस्साच सुधारायचा. गुणक झाला ०.०५. पुढच्या १००ला अंदाज ५, चूक २०. गुणक ०.०९, चूक १६. मग १२.८. वीस फेऱ्यांत चूक ०.३च्याही खाली येते आणि गुणक ०.२५च्या जवळ जाऊन बसतो. लाइन कशी आहे, किती लांब आहे, कुठला जोड सडलाय, हे तिला कुणीही सांगितलेलं नाही. स्वतःच्या चुकीवरून तिने ते शोधलं! खऱ्या बोलण्यात ५१२ गुणक एकदम सावरायचे असतात, म्हणून जास्त वेळ लागतो, कधी जवळपास एक सेकंद. फोन लागल्यावर पहिल्या 'हॅलो'चा पडसाद यायचा आणि मग नाहीसा व्हायचा, तो यामुळे.

कष्ट किती, तेही पाहा. अंदाजाला ५१२ गुणाकार, गुणक सुधारायला आणखी ५१२, आणि हे सेकंदाला ८००० वेळा. एका संभाषणाला ८१,९२,००० गुणाकार. तीस संभाषणांना साडेचोवीस कोटींच्या वर. तेव्हाच्या साध्या संगणकाकडून हे होईना, म्हणून अशी खास कार्डं निघाली.

चुकीतून शिकण्याची ही रीत अमेरिकेतले अभियंते बर्नार्ड विड्रो आणि त्यांचा विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६०मध्ये मांडली. फोनच्या पडसादासाठी तिच्यावर बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम झालं. भारतीय वंशाच्या मन मोहन सोंधी यांचा त्यावरचा शोधनिबंध १९६७चा आहे. आज इयरफोनच्या जाहिरातीत 'एआयने स्वच्छ केलेला आवाज' असं वाचलं, की मला हे लोक आठवतात. नवी तंत्रं खरोखर आली आहेत, पण आपलं बोलणं सुसह्य करणाऱ्या कामाचा मोठा भाग अजून याच साठ वर्षांपूर्वीच्या गुणाकार-वजाबाकीवर चालतो, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

एक अडचण मात्र फार खरी आहे. दोघं एकदम बोलू लागले की परतीच्या मार्गावर पडसादाबरोबर इकडच्या माणसाचाही आवाज येतो. चिप त्यालाच चूक समजते आणि शिकलेलं सगळं बिघडवते. त्यावर उपाय असा: परतीचा आवाज नुकत्याच आलेल्या आवाजाच्या निम्म्याहून मोठा झाला, तर इकडचं माणूस बोलतंय असं धरायचं आणि शिकणं थांबवायचं. वजाबाकी चालू ठेवायची, गुणकांना हात लावायचा नाही. त्याआधीची साधनं अशा वेळी एकाचा आवाज सरळ दाबून टाकत. समोरच्याचं वाक्य संपायची वाट न पाहणाऱ्या आमच्या माणसांना ती किती जाचली असतील!

वजाबाकीनंतरही किंचित पडसाद उरतो. इकडचं माणूस बोलत नसेल तेव्हा कार्ड परतीचा मार्गच पूर्ण बंद करतं. पण मग इतकी शांतता होते, की लाइन तुटली असं वाटून माणूस "हॅलो, हॅलो" करू लागतो. म्हणून कार्ड मुद्दाम हलकी खरखर मिसळतं. फोनमध्ये ऐकू येणारी ती खरखर कित्येकदा खास आपल्या समाधानासाठी बनवलेली असते.

मोबाइलमध्ये तांब्याची जोडी नाही, पण गळती आहे. स्पीकरमधून निघालेला आवाज त्याच फोनच्या माइकमध्ये शिरतो. तिथेही हेच गणित बसवलेलं असतं. खोली घुमणारी असली आणि आवाज मोठा ठेवला, की ते कमी पडतं.

मी काकूंना एवढंच म्हटलं, "त्याला स्पीकर बंद करून फोन कानाला लावायला सांगा." त्याने लावला आणि पडसाद गेला. काकूंनी जरा विचार करून विचारलं, "मग त्याला त्याचा आवाज परत ऐकू जात नव्हता?"

"नाही. तुमचा फोन कानाला होता ना."