निळ्या अंड्यामागचा जुना विषाणू

तपकिरी अंडं फोडलं की त्याचं कवच आतून पाहा. ते जवळजवळ पांढरंच असतं. काही जातींच्या कोंबड्या देतात ते निळं अंडं मात्र आतूनबाहेरून निळं.

कवच असतं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे मुळात पांढरं. ते कवचग्रंथीत सुमारे २० तास घडत असतं. तपकिरी अंड्यातलं प्रोटोपॉर्फिरिन हे रंगद्रव्य त्यावर मुख्यतः शेवटच्या काही तासांत चढतं, भिंतीला रंगाचा हात मारावा तसं. म्हणूनच नुकतं घातलेलं, अजून ओलं असलेलं अंडं घासलं तर थोडा रंग निघून येतो. निळा रंग देणारं बिलिव्हर्डिन कवच घडत असतानाच त्यात मुरत जातं. मुका मार लागल्यावर काही दिवसांनी आपल्या कातडीवर जी हिरवट छटा दिसते, तीही याचीच. दोन्ही रंगद्रव्यांचं नातं रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमशी आहे: पहिलं हीम तयार होण्याआधीची पायरी, तर दुसरं हीम मोडल्यावर उरणारं.

तपकिरी रंगाची आनुवंशिकता तशी किचकट आहे. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, म्हणून फिकट बदामीपासून गडद चॉकलेटीपर्यंत सगळ्या छटा सापडतात. निळ्याचं गणित सरळ. शाळेत आनुवंशिकता शिकताना ज्यांच्या नावाचा चौकोन मांडतात, त्या रेजिनाल्ड पनेट यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हा गुण एकाच प्रभावी जनुकाचा आहे. आईबापांपैकी एकाकडून तो मिळाला तरी पुरतो. त्यावर तपकिरी थर चढला की अंडं हिरवं किंवा ऑलिव्ह दिसतं.

पण हे जनुक नेमकं कोणतं, ते कळायला २०१३ उजाडलं, आणि उत्तर कुणाच्या ध्यानीमनी नसेल असं निघालं. कोंबडीच्या पहिल्या गुणसूत्रावर एसएलसीओ१बी३ नावाचं जनुक आहे. पित्तातले घटक पेशींमधून ने-आण करणारं प्रथिन ते बनवतं, आणि त्याचं नेहमीचं ठिकाण यकृत. केव्हातरी एका रेट्रोव्हायरसचा, म्हणजे यजमानाच्या डीएनएत स्वतःला घुसवणाऱ्या विषाणूचा, तुकडा या जनुकाच्या अगदी आधीच्या जागी येऊन घुसला आणि तिथेच राहिला. त्यामुळे हे जनुक कवचग्रंथीतही जोरात काम करू लागलं, आणि बिलिव्हर्डिनला कवचाची वाट मोकळी झाली असं मानलं जातं.

मला खरी थक्क करणारी गोष्ट पुढची वाटते. हा अपघात दोनदा घडलाय! चीनमधल्या डोंगशियांग व लुशी कोंबड्या आणि दक्षिण अमेरिकेतली अराउकाना, दोन्हीकडे घुसखोर त्याच प्रकारचा, पण घुसल्याची जागा २३ बेस-जोड्यांनी, म्हणजे डीएनएच्या २३ अक्षरांनी, वेगळी. म्हणजे निळं अंडं एकीकडून दुसरीकडे गेलेलं नाही. दोन्हीकडे ते स्वतंत्रपणे आलं.

पैदास करणाऱ्यांची अडचण असते कोंबड्याची. तो अंडी देत नाही, मग त्याच्याकडे हे जनुक आहे हे ओळखायचं कसं? अराउकानाच्या वंशात ते त्याच्या तुऱ्याकडे बघतात. आखूड, तीन रांगांचा ‘पी’ तुरा देणारं जनुक त्याच गुणसूत्रावर निळ्याच्या जवळच असतं, त्यामुळे दोन्ही बहुधा जोडीनेच पिल्लात उतरतात. क्वचित ही जोडी फुटते. मग तुरा हवा तसा, पण लेकींची अंडी तपकिरी. खात्री हवी असेल तर आता डीएनए तपासता येतो.