तलावाकाठचा प्लॉट आणि गडरलाइनचा ढाळ

आमच्या ले-आऊटमध्ये सध्या एका रिकाम्या प्लॉटवरून दोन तट पडले आहेत. प्लॉट तलावाकडच्या शेवटच्या रांगेतला. मालकाला तिथे दुमजली घर बांधायचं आहे, आणि त्यासाठी गडरलाइन, म्हणजे सांडपाण्याची भूमिगत लाइन, आमच्या घरांमागच्या बोळातून न्यायची आहे. शेजाऱ्यांचा विरोध आहे. नवख्याला हा शेजाऱ्यांचा हेवादावा वाटेल, थोडा आहेही. पण भांडणाचं मूळ बरंच जुनं आहे.

नागपूरचे बहुतेक जुने तलाव बांधलेले आहेत. गोंड राजा चांदसुलतानाने ओढा अडवून जुम्मा तलाव केला, तोच आजचा गांधीसागर. तेलंगखेडीचा, म्हणजे फुटाळा, भोसल्यांचा. अंबाझरीची पाळ १८७० ची, शहराला पिण्याचं पाणी देण्यासाठी घातलेली. पाळ, सांडवा आणि वरच्या अंगाला पाणी येण्याच्या वाटा, या तिन्ही मिळून तलाव होतो. पुढे गोरेवाडा, कन्हान आणि पेंचचं पाणी नळाला आलं आणि शहरातल्या तलावांचं काम संपलं. ज्याचं पाणी आपण पीत नाही, त्यात काय जातं याची चौकशी कोण करतो?

तोवर काठची शेतं विकायला निघाली होती. चुन्याच्या रेघा ओढायच्या, प्लॉट पाडायचे, स्टॅम्प पेपरवर सौदा करायचा. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा, पण शहर त्याच्या आराखड्यापेक्षा वेगाने पसरलं. '५७२' आणि '१९००' हे आकडे नागपूरकराला समजावून सांगावे लागत नाहीत; अनधिकृत ले-आऊटच्या त्या याद्या. २००१ चा गुंठेवारी कायदा आला, नियमितीकरण सुरू झालं, आणि लग्न जमवतानाही लोक विचारू लागले, 'आर.एल. (नियमितीकरणाचं रिलीज लेटर) मिळालं का?' या सगळ्यात क्रम उलटा झाला. आधी माणसं राहायला आली, मग वीज, मग रस्ता, आणि गडरलाइन सगळ्यात शेवटी.

मधली वर्षं सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यावर निघाली. मुरमाच्या जमिनीत शोषखड्डा बरा चालतो. काळ्या मातीत नाही. ती पाण्याने फुगते, भेगा मिटतात, आणि जुलैत खड्डा पाणी घ्यायचंच थांबवतो. मग टाकी तुंबते आणि मागच्या दारी वास सुटतो. काठच्या रांगेत तर पावसाळ्यात जमिनीतलं पाणीच वर येतं, त्यामुळे टाकीतलं पाणी तलावाकडे झिरपायला फार वाट पाहत नाही.

आता लाइन आली आहे, पण ती रस्त्याखाली, आणि रस्ता उंच. शेवटच्या रांगेतले प्लॉट तलावाकडे उतरलेले. गडरलाइनचं पाणी ढाळाने वाहतं. खालच्या संडासाचं पाणी आपोआप वर चढत नाही. म्हणून वाटा तीनच. प्लॉटवर मुरूम टाकून तो उंच करायचा, म्हणजे पावसाचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात. पंप बसवायचा, म्हणजे वीज गेली की टाकी भरणार. नाहीतर मागच्या बोळातून नवी लाइन घेऊन खालच्या चेंबरला जोडायची. त्या चेंबरचं झाकण गेल्या पावसाळ्यात दोनदा उचललं गेलं होतं. भाजीवाला हातगाडी वळवून दुसऱ्या गल्लीने जायचा. त्याच चेंबरवर आणखी एक घर चढवायचं, यालाच आमच्या काकूंचा आक्षेप आहे. मला तो रास्त वाटतो. मात्र बोळाकडे सरकवून बांधलेल्या आमच्या तीन-चार भिंतींचं काय, हे काकू बोलत नाहीत. मीही नाही.

लोकांचा सूर बदलला तो २३ सप्टेंबर २०२३ नंतर. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरीचा सांडवा ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. सांडव्याजवळच्या बांधकामाचा मुद्दा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. तोवर 'पाण्याची वाट' हे शब्द आमच्या सोसायटीच्या बैठकीत कुणी उच्चारले नव्हते. आता आठवीतला मुलगाही ढाळ किती इंच ते विचारतो.

मालकाने गेल्या आठवड्यात सुधारित नकाशा दिला आहे. बोळातली लाइन वगळून त्यात पंप दाखवला आहे. जनरेटर दाखवलेला नाही.