प्लग काळा झाल्यास तो न पुसता आणावा
टू-स्ट्रोक पेट्रोल फवारणी पंपाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कपाशीच्या फवारणीचे दिवस सुरू झाले की आमच्या दुकानात रोज एकच तक्रार येते : दोरी ओढून हात दुखले तरी पंप उठत नाही, स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढला तर काळा निघतो आणि नवा टाकला तरी चार टाक्यांत तोही काळा होतो. तक्रार खरी असते. मात्र आमच्यापर्यंत येताना तो प्लग बहुधा पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला असतो, नाहीतर जुना वावरातच फेकून नवा बसवलेला असतो. दोष कोठे आहे हे त्या काजळीवरूनच कळते. ती पुसली की आम्हाला एअर फिल्टरपासून मफलरपर्यंत (धूर बाहेर सोडणारा डबा) सगळे उघडून पाहावे लागते आणि दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो.

प्लगच्या टोकाची चिनी माती चहासारखी बदामी दिसत असेल तर इंजिन ठीक चालले आहे. काजळी कोरडी, मऊ व बोटाला लागणारी असेल, तर पेट्रोलच्या मानाने हवा कमी पडत आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. चोक (पंप सुरू करताना हवा अडवणारी झडप) अर्धवट बंद राहिला असेल, फिल्टरचा स्पंज धुळीने व तेलाने भरला असेल किंवा कार्बोरेटर जास्त पेट्रोल सोडत असेल. काळा थर ओला आणि चिकट असेल, तर पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडले आहे किंवा टू-टी ऑइलऐवजी (टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल) मोटारसायकलचे ऑइल मिसळले गेले आहे. दोन्ही प्लग लांबून सारखेच काळे दिसतात, पण उपाय वेगळे आहेत.

हा भेद न पाहता अनेकजण प्लग काळा दिसला की ऑइल कमी करतात, आणि खरे नुकसान येथे होते. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनला वंगण पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणातूनच मिळते. काजळी कोरडी असताना ऑइल घटवले, तर काजळी कायम राहते आणि पिस्टन जाम होतो. कंपनीच्या पुस्तिकेत 25:1 लिहिले असेल तर एक लिटर पेट्रोलला 40 मिलि, 50:1 असेल तर 20 मिलि ऑइल, एवढा साधा हिशेब आहे. बाटलीच्या टोपणाने अंदाज घेऊ नये.

काजळीतून वीज वाहते. ती चिनी मातीवर बसली की वीज प्लगच्या टोकाच्या फटीत ठिणगी न पाडता काजळीवरूनच प्लगच्या लोखंडी अंगात उतरते. सिलिंडरमधील दाबाखाली ठिणगी पडायला जास्त जोर लागतो, म्हणून बाहेर ठिणगी देणारा प्लगही आत बसवल्यावर दगा देतो. तारेच्या ब्रशने घासल्यास चिनी मातीवर धातूची रेघ उमटते, तिच्यावरूनही वीज निसटते.

पुन्हा दोरी ओढायला नको म्हणून ड्रममधून पाणी भरताना, औषध कालवताना पंप बांधावर स्लो रेसवर चालू ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. प्लगचे टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापले तरच त्यावरची काजळी जळून जाते. स्लो रेसवर ते तेवढे तापत नाही. टाकी भरताना पंप बंद करावा.

तपासणीसाठी प्लग काढण्याची रीत अशी आहे : पंप फवारणी करत असताना एक-दोन मिनिटे फुल रेसवर चालवावा, रेस कमी न करता थेट बंदच्या बटणाने बंद करावा, थंड होऊ द्यावा आणि मगच प्लग पान्याने काढावा. स्लो रेसवर रेंगाळून बंद केलेल्या पंपाचा प्लग तसाही काळाच दिसतो, त्यावरून निदान होत नाही.

काही ग्राहकांना वाटते की नुसता प्लग मागितला तरी आम्ही पंप उघडायला लावतो, हा आमचा धंदा आहे. गेल्या हंगामात वर्षभर गोठ्यात टांगलेल्या एका पंपाला आमच्याकडे येण्याआधी तीन नवे प्लग लागले होते. मफलरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले निघाले. ते काढले आणि पंप तिसऱ्याच प्लगवर चालला. म्हणून आम्ही आधी जुना प्लग पाहतो, त्याचे पैसे घेत नाही, आणि फक्त प्लगच खराब असेल तर पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच प्लग फट मोजून बसवून देतो. आमच्याकडून टू-टी ऑइल घेणाऱ्यास मापाच्या खुणा असलेली बाटली सोबत मिळते.

काढलेला प्लग कोरड्या कागदात गुंडाळून, पंपासोबत आणावा. किती लिटर पेट्रोलमध्ये किती ऑइल टाकले तेही त्याच कागदावर लिहून आणल्यास बहुतेक पंप त्याच फेरीत परत नेता येतात.