नकाशा हिरवागार, म्हणून पान हिरवंगार?

सांवेर-देपालपूरकडे शेती असलेल्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर रब्बीत एक सल्ला हमखास फिरतो: उपग्रहाच्या एनडीव्हीआय (पिकाच्या हिरवाईचा निर्देशांक) नकाशात गहू गडद हिरवा दिसला की पानात हरितद्रव्य भरपूर, युरिया नको. हे खरं नाही.

एनडीव्हीआय दोनच गोष्टी ताडून बघतो: पिकाने लाल प्रकाश किती परत फेकला आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किती. त्यावरून एक आकडा काढतो. हरितद्रव्य लाल प्रकाश इतक्या हावरटपणे शोषतं, की ते बेताचं असलं तरी बहुतेक लाल गिळलं जातं. पुढे ते वाढलं काय नि घटलं काय, आकडा फारसा हलत नाही. त्यात पानांचं क्षेत्र जमिनीच्या तिपटीच्या आसपास गेलं की आकडा जवळपास थिजतोच. म्हणजे दाट पण फिकट पडू लागलेला गहू नकाशात खुशाल गडद हिरवा. उलट पेर विरळ असेल, तर मधून काळी माती डोकावते आणि निरोगी पानांचं शेतही पिवळट दिसतं. (तो हिरवा रंगही संगणकाने भरलेला असतो, बरं का!)

हरितद्रव्यासाठी बघायचा तो लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचा पट्टा, रेड एज. तिथे शोषण मध्यम असतं, म्हणून फरक टिपला जातो. सेंटिनल-२ या उपग्रहामध्ये ७०५ नॅनोमीटरच्या आसपास असा पट्टा आहे, लँडसॅट ८ या उपग्रहामध्ये नाही. मात्र सेंटिनलच्या या पट्ट्याचा नकाशातला एक ठिपका २० मीटरचा, त्यामुळे बांधालगत शेजाऱ्याचं पीकही हिशेबात येतं. आणि पान नत्राअभावी पिवळं पडलं की गंधकाअभावी, हे रेड एजही सांगत नाही. त्यासाठी शेतात उतरून पान बघावं लागतं.