पगार, पत्रावळी आणि कामातले मन

कर्मचाऱ्यांना कामात रस कसा वाटेल, या प्रश्नावर जगभरच्या कंपन्या दरवर्षी मोठा खर्च करतात. तरीही गॅलप या संस्थेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये जगातील केवळ २१ टक्के कर्मचारी कामात मनापासून गुंतलेले होते. हा आकडा परिसंवादांत वारंवार दाखवला जातो. पण सर्वेक्षणातून फार तर इतकेच कळते की लोकांना आज काय वाटते आहे. त्यांना तसे का वाटते आणि नेमके काय बदलले असता ते बदलेल, हे कळायचे असेल तर प्रयोगच करावा लागतो, तोही प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांवर नव्हे, तर रोजच्या मजुरीवर ज्यांचे घर चालते अशा माणसांबरोबर. असे काही उत्तम प्रयोग गेल्या पंधरा-वीस वर्षांत भारतातच झाले आहेत आणि आपल्याकडच्या व्यवस्थापनाच्या चर्चेत त्यांचा उल्लेख फारसा होत नाही, याचे आश्चर्य वाटते.

त्याऐवजी उल्लेख होतो तो हॉथॉर्नचा. शिकागोजवळच्या सिसेरो येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हॉथॉर्न नावाचा कारखाना होता. तेथे १९२४ पासून दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करून उत्पादनावर काय परिणाम होतो, हे पाहिले गेले. प्रकाश वाढवला तरी काम वाढले आणि कमी केला तरी वाढलेच, म्हणजे आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे या जाणिवेनेच कामगारांना हुरूप येतो, अशी ही कथा पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी हरवली असे समजली जाणारी मूळ आकडेवारी शोधून काढली आणि २०११ मध्ये तिचे नव्याने विश्लेषण प्रसिद्ध केले, तेव्हा या कथेचा पाया बराच कच्चा निघाला. प्रकाशातील बदल रविवारी केले जात. सोमवारचे उत्पादन आदल्या शनिवारपेक्षा जास्त दिसे खरे, पण ज्या आठवड्यांत दिव्यांना कोणी हातही लावला नव्हता त्या आठवड्यांतही ते तसेच दिसे. १९२७ पासून पुढे टेलिफोनचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, जोडणाऱ्या तरुणींच्या छोट्या गटावर जो प्रयोग झाला, त्यात तर दोघींना मध्येच बदलून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या होत्या आणि मजुरी मोजण्याची पद्धतही बदलली होती. त्यामुळे वाढलेल्या उत्पादनाचे श्रेय कशाला द्यायचे, हे ठरवणे अवघड झाले. लक्ष दिल्याने माणूस सुखावतो हे खोटे नाही. ते हॉथॉर्नमध्ये सिद्ध झाले, असे मात्र म्हणता येत नाही.

दिव्यांचाच विषय निघाला आहे म्हणून बंगळूरु परिसरातील तयार कपड्यांच्या कारखान्यांचे उदाहरण येथे सांगितले पाहिजे. तेथे जुने दिवे काढून एलईडी बसवले गेले. हेतू होता वीज वाचवण्याचा. अच्युत अध्वर्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिलाईच्या प्रत्येक लाइनचे रोजचे उत्पादन हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा उष्ण दिवसांत काम मंदावण्याचे प्रमाण एलईडी आल्यावर बरेच कमी झालेले आढळले. एलईडी जुन्या दिव्यांपेक्षा कमी तापतो, एवढेच त्यामागचे कारण. वाढलेले उत्पादन हिशेबात धरले तर दिव्यांचा खर्च भरून निघण्याचा काळ केवळ वीजबचतीच्या हिशेबाच्या एक षष्ठांशावर येत होता. मे महिन्यातल्या दुपारी लाइन का मंदावली, असा प्रश्न पडला तर सुपरवायझरने कामगारांच्या वृत्तीवर भाषण देण्यापूर्वी थर्मामीटर पाहणे शहाणपणाचे ठरेल.

पैशाकडे वळू. पैशाने माणूस जास्त काम करतो का, या प्रश्नाचे उत्तर कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. अमेरिकेतील सेफलाइट या मोटारींच्या काचा बसवणाऱ्या कंपनीने १९९० च्या दशकात तासावर पगार देणे सोडून बसवलेल्या काचेमागे पैसे देणे सुरू केले, तेव्हा उत्पादकता ४४ टक्क्यांनी वाढली, असे एडवर्ड लॅझीर यांच्या अभ्यासात दिसले. त्यातली साधारण निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्याची होती. उरलेली वाढ वेगाने काम करणारे लोक कंपनीकडे आकृष्ट झाले आणि टिकून राहिले, याची होती. येथे काम मोजता येत होते आणि वाईट बसलेली काच कोणी बसवली हेही कळत होते. नगावर मजुरीची पद्धत अशाच ठिकाणी खपते.

जेथे डोके चालवावे लागते तेथे चित्र बदलते. डॅन अरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मदुराई परिसरातील ८७ ग्रामस्थांना स्मरणशक्ती, कल्पकता आणि हातांचे कौशल्य यांचे सहा खेळ दिले. उत्तम खेळल्यास एका गटाला दर खेळाला ४ रुपये, दुसऱ्याला ४० आणि तिसऱ्याला ४०० रुपये मिळणार होते. तिसऱ्या गटातील माणूस सगळ्या खेळांत उत्तम ठरला असता तर २४०० रुपये घेऊन गेला असता, आणि त्या भागातील माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च तेव्हा पाचशे रुपयांच्या आसपास होता. ४ आणि ४० रुपयांच्या गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. ४०० रुपयांचा गट मात्र सर्वांत मागे राहिला. इतकी मोठी रक्कम डोळ्यांसमोर असली की लक्ष खेळावरून उडून रकमेवर जाते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा निष्कर्ष जपूनच वापरावा, कारण सहभागी थोडे होते आणि अरिएली सहलेखक असलेला एक वेगळा निबंध त्यातील आकडेवारी खोटी आढळल्याने २०२१ मध्ये मागे घेतला गेला आहे. तरीही वर्षअखेरीच्या एकाच मोठ्या रकमेवर सगळा भरवसा ठेवणाऱ्या कंपन्यांनी या शक्यतेचा विचार करायला हरकत नाही. आपल्याकडे दिवाळीच्या बोनसविषयीही असाच एक गैरसमज आढळतो. १९६५ च्या कायद्याने पात्र कामगारांसाठी किमान बोनस ठरवला, तेव्हा तो हक्काचा झाला. हक्काचे पैसे वेळेवर मिळाल्याने कोणाचा उत्साह दुणावत नाही, पण ते रखडले तर संताप मात्र होतो.

पैसे किती, याइतकाच पैसे कधी, हाही प्रश्न आहे. ओडिशात पत्रावळ्या तयार करणाऱ्या कामगारांवर सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन, सुआना ओह आणि फ्रँक शिल्बाक यांनी एक प्रयोग केला. मजुरी नगावर होती आणि सर्वांचा दर एकच होता; फक्त आधी झालेल्या कामाचे पैसे काहींच्या हाती थोडे लवकर ठेवले गेले आणि काहींच्या हाती नंतर. एकूण कमाईत त्यामुळे काहीही फरक पडणार नव्हता. हातात पैसे आलेल्यांनी त्यानंतरच्या दिवसांत जास्त पत्रावळ्या केल्या. त्यातही जे जास्त गरीब होते त्यांच्यात हा परिणाम अधिक दिसला. संशोधकांनी पत्रावळ्यांची बारकाईने पाहणी केली तेव्हा कामातल्या चुकाही कमी झालेल्या आढळल्या. ज्याचे पैसे द्यायचे आहेत त्याला काय सांगायचे, हे डोक्यात घोळत असताना पानाला काडी टोचण्याकडे पुरते लक्ष राहत नाही, हाच याचा अर्थ. ज्या माणसाला आपण निरुत्साही म्हणतो, तो पुष्कळदा फक्त काळजीत असतो, आणि त्यावरचा उपाय प्रेरणादायी व्याख्यानापेक्षा स्वस्त आहे.

या सगळ्या प्रयोगांत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ओडिशातीलच दुसरा, एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला. यात ३७८ कामगारांना महिनाभराचे काम दिले गेले. एका गटात तिघे, प्रत्येक गटाचा माल वेगळा आणि मजुरी दिवसावर ठरलेली. काही गटांत तिघांनाही सारखी मजुरी होती. काही गटांत सुरुवातीच्या दिवसांतील कामाच्या क्रमानुसार तिघांची मजुरी थोडी वेगवेगळी ठेवली होती. प्रयोगाची खुबी अशी की तुलना सारखीच रक्कम मिळवणाऱ्यांमध्ये करता येत होती. दोन कामगार आहेत, दोघांची कुवत सारखी आणि दोघांना मिळणारे पैसेही सारखे; एकाच्या शेजारी बसलेल्यांना तेवढेच मिळतात आणि दुसऱ्याच्या शेजारी बसलेल्यांना वेगळे. या एवढ्याशा फरकाने काय व्हावे? असमान मजुरीच्या गटांत उत्पादन लक्षणीय घटले आणि हजेरी तब्बल १८ टक्के बिंदूंनी खाली आली. गैरहजर राहिले की त्या दिवसाची मजुरी बुडते, हे माहीत असूनही माणसे येईनाशी झाली. जसजसे आठवडे गेले तसतसा हा परिणाम वाढत गेला. ज्यांना जास्त मिळत होते त्यांनी त्या बदल्यात जास्त काम केले, असेही दिसले नाही. शेवटी या गटांना एकत्र येऊन करायची कामे दिली गेली, ज्यांत सहकार्य केल्यास सगळ्यांचाच फायदा होता. तेथेही असमान गट मागे पडले.

येथवर वाचून कोणी असे म्हणेल की मग सर्वांना सारखाच पगार द्यावा. पण प्रयोगाचा दुसरा भाग तसे सांगत नाही. ज्या गटांत शेजारी आपल्यापेक्षा खरोखर जास्त माल काढतो हे कामगाराला स्वतःच्या डोळ्यांनी स्पष्ट दिसत होते, तेथे असमान मजुरीने ना उत्पादन घटले, ना हजेरी, ना आपसातले सहकार्य. म्हणजे फरक खुपत नव्हता. खुपत होता तो ज्याचे कारण दिसत नाही असा फरक.

हे लक्षात घेऊन एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीतील अप्रेझलकडे पाहावे. तेथे कोणी किती काम केले हे शेजारच्या टेबलावरून दिसत नाही. पगार गोपनीय ठेवण्याची ताकीद असते, आणि तरीही इन्क्रिमेंटचे आकडे चहाच्या टपरीवर दोन दिवसांत पोचतात. त्यात मूल्यमापन जर ठरावीक टक्केवारीत बसवायचे असेल, म्हणजे दहा जणांपैकी दोघांना खालची श्रेणी द्यावीच लागणार असेल, तर आपल्याला ती का मिळाली याचे उत्तर मॅनेजरकडेही बहुधा नसते. ओडिशातील मजुरांवरचा निष्कर्ष संगणकासमोर बसणाऱ्यांना जसाच्या तसा लागू होईल, असा दावा मी करणार नाही. पगाराची पातळी, नोकरी बदलण्याची सोय, कामाचे स्वरूप, सगळेच निराळे आहे. पण फरक दिसतो आणि कारण दिसत नाही, ही परिस्थिती तीच आहे. अशा ठिकाणी श्रेणी देण्याआधी ती कोणत्या कामांवरून दिली जाणार हे लेखी सांगणे आणि दिल्यानंतर त्याच कामांचा दाखला देणे, हे निदान करून पाहण्यासारखे आहे.

पगारवाढच पुरेशी नसेल, तर काय? अध्वर्यू, टेरेसा मोलिना आणि अनंत निषाधम यांनी भारतातील तयार कपड्यांच्या कारखान्यांत असा प्रसंग अभ्यासला. जाहीर झालेली मजुरीवाढ कामगारांच्या अपेक्षेपेक्षा कमी निघाली आणि बऱ्याच जणांची निराशा झाली. त्या वेळी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून काही कामगारांना एक निनावी प्रश्नावली दिली गेली. काम, सुपरवायझर, मजुरी आणि एकूण नोकरी यांविषयी त्यांचे मत तिच्यात विचारले होते. बाकीच्यांना ती दिली नाही. पुढच्या महिन्यांत प्रश्नावली मिळालेल्यांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी राहिले आणि खाडेही कमी झाले. सर्वांत जास्त निराश झालेल्यांवर तिचा परिणाम सर्वांत जास्त होता. मजुरी दोन्ही गटांची तीच राहिली होती.

हा निकाल वाचून एखाद्या मनुष्यबळ विभागाला पगार न वाढवता दरमहा प्रश्नावली पाठवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. माझ्या मते तो आवरलेला बरा. प्रयोगातल्या कामगारांना मत विचारले गेले ते अपेक्षाभंगाच्या ऐन वेळी, आणि नाव उघड होणार नाही या खात्रीने. उत्तर दिल्यावर काहीच हलत नाही हे ज्यांनी आधी तीनदा अनुभवले आहे, त्यांच्याकडून चौथ्या वेळी खरे उत्तर येण्याची शक्यता कमी; आणि ऑफिसच्या ईमेलवर लॉगिन करून भरायचा फॉर्म निनावी आहे, यावर तर कोणीच विश्वास ठेवत नाही.