सिल्व्हर हॅलाइडांची विद्राव्यता

चांदीची फ्ल्युओरीन, क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन या मूलद्रव्यांशी होणारी संयुगे (सिल्व्हर हॅलाइडे) पाण्यात विरघळण्याचे प्रमाण. यांपैकी फ्ल्युओराइड पाण्यात भरपूर विरघळते. उरलेल्या तिघांना शालेय पुस्तके सरसकट ‘अविद्राव्य’ म्हणतात. हा शब्द सोयीचा आहे, अचूक नाही.

२५° से. तापमानाच्या आसपास एक लिटर शुद्ध पाण्यात फ्ल्युओराइड सु. १.८ किग्रॅ., क्लोराइड सु. १.९ मिग्रॅ. आणि ब्रोमाइड सु. ०.१४ मिग्रॅ. विरघळते. जळगावच्या सराफ बाजारातील जुन्या मापात सांगायचे, तर शंभर लिटरच्या रांजणात क्लोराइड जेमतेम दीड गुंज मावेल. आयोडाइडाच्या आकड्यात मेळ नाही. अनेक जुन्या तक्त्यांत लिटरला ०.०३ मिग्रॅ. हा आकडा आढळतो. विद्राव्यता गुणाकारावरून (संपृक्त विद्रावातील आयनांच्या संहती गुणून मिळणाऱ्या स्थिरांकावरून) काढलेले मूल्य मात्र सु. ०.००२ मिग्रॅ. येते. इतक्या विरल विद्रावात भांड्याची काच, कलिली (पाण्यात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म) कण आणि पाण्यातील अशुद्धी यांचा प्रभाव मोठा असतो, म्हणून दुसरे मूल्य अधिक ग्राह्य वाटते.

तापमानाचा परिणामही दुर्लक्षिण्याजोगा नाही. क्लोराइडाची विद्राव्यता ५०° से.ला सु. ५.२ मिग्रॅ. होते. मे महिन्यात खानदेशात पारा ४५° से.च्या घरात जातो, तेव्हा पंखाही नसलेल्या प्रयोगशाळेत तक्त्यातील २५° से.चा आकडा निम्म्याहून कमी भरतो. साका (विद्रावातून घनरूपात वेगळा होऊन खाली बसणारा पदार्थ) गाळताना तो थंड, किंचित नायट्रिक अम्ल घातलेल्या पाण्याने धुवावा, ही सूचना अशा वेळी पुस्तकी राहत नाही.

साका ओळखणे सोपे आहे. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटाचा एक थेंब सोडला की थेंबामागे दुधी रेघ उतरते आणि पाणी धुरकट होते. मिठाचे पाणी असेल, तर दूध फाटावे तशा पांढऱ्या गुठळ्या धरतात. खिडकीपाशी ठेवल्यास थोड्या वेळात त्या जांभळट पडतात. ब्रोमाइडाचा साका फिकट पिवळसर, तर आयोडाइडाचा पिवळा असतो. रंगावर विसंबू नये. अमोनियाची कसोटी खात्रीची. क्लोराइड विरल अमोनियात विरघळते, ब्रोमाइडाला संहत अमोनिया लागतो, आयोडाइड त्यालाही जवळजवळ दाद देत नाही.

कारणमीमांसा : फ्ल्युओराइड एवढे विद्राव्य आणि बाकीची नाहीत, याचे कारण सांगताना दोन मते मांडली जातात. पहिले काझिमिर फायान्स यांच्या विचारावर आधारलेले आहे : ऋण आयन जितका मोठा, तितका त्याचा इलेक्ट्रॉन मेघ चांदीच्या आयनाकडे ओढला जातो, बंध सहसंयुजी (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा) होतो आणि पाण्यासारख्या ध्रुवीय विद्रावकात संयुग विरघळत नाही. दुसरे मत जालक ऊर्जा (स्फटिकात आयनांना बांधून ठेवणारी) व सजलीकरण ऊर्जा (आयनाभोवती पाणी जमताना मोकळी होणारी) यांचा ताळेबंद मांडते. फ्ल्युओराइडापासून आयोडाइडापर्यंत ऋण आयनाची सजलीकरण ऊर्जा प्रतिमोल सु. २०० किलोजुलांनी घटते. सोडियमाच्या हॅलाइडांत जालक ऊर्जाही साधारण तेवढीच उतरते, म्हणून सोडियम आयोडाइड विद्राव्यच राहते. चांदीच्या हॅलाइडांत मात्र ती अवघी ८० किलोजुलांच्या आसपास घटते. पाण्याकडून मिळणारे बळ झपाट्याने कमी होते, स्फटिकाची पकड मात्र फारशी सैल होत नाही. ही पकड का टिकते, याचे उत्तर फायान्स यांच्या ध्रुवणाच्या (इलेक्ट्रॉन मेघ ओढला जाण्याच्या) कल्पनेत सापडते. दोन मते एकमेकांविरुद्ध उभी करण्याची पाठ्यपुस्तकी पद्धत म्हणूनच पटण्यासारखी नाही. हिशेब दुसऱ्या मताचा, त्यातील एका रकमेचे स्पष्टीकरण पहिल्याचे. ‘सहसंयुजी म्हणून अविद्राव्य’ हे एकटे वाक्य तोकडे आहे.

समआयन परिणाम : पाण्यात आधीच क्लोराइड असल्यास सिल्व्हर क्लोराइडाची विद्राव्यता घटते, पण अमर्याद नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने क्लोराइडाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिग्रॅ. धरली आहे. एवढ्या क्लोराइडात साध्या गणिताने विद्राव्यता सु. ५०० पटींनी कमी व्हायला हवी. प्रत्यक्षात घट त्यापेक्षा पुष्कळ कमी असते. काही सिल्व्हर क्लोराइड अखंड रेणूंच्या रूपात विरघळलेले राहते आणि जादा क्लोराइडाबरोबर जटिल आयनही (चांदीला एकाहून अधिक क्लोराइड जोडलेले) बनतात. विद्राव्यतेचा तळ याहून बऱ्याच विरल क्लोराइडात येतो. त्यापुढे मीठ वाढवल्यास साका उलट विरघळू लागतो.

विहिरीच्या पाण्याची क्लोराइड चाचणी याच गुणधर्मावर चालते. चांगदेवला तापीस मिळणाऱ्या पूर्णेचा खारपाणपट्टा मुख्यतः विदर्भात मोडत असला, तरी खारे पाणी हा पूर्व खानदेशालाही अपरिचित विषय नाही. कार्ल फ्रीड्रिख मोर यांच्या पद्धतीत (१८५६) पाण्यात दर्शक (शेवट रंगाने दाखवणारा पदार्थ) म्हणून पोटॅशियम क्रोमेट घालतात व सिल्व्हर नायट्रेट थोडे थोडे सोडतात. क्लोराइड संपले की विटकरी सिल्व्हर क्रोमेट दिसू लागते. विद्यार्थी येथे हटकून अडतात, कारण क्रोमेटाचा विद्राव्यता गुणाकार क्लोराइडाच्या गुणाकारापेक्षा सु. १६० पटींनी लहान आहे. मग आधी क्रोमेटाचा साका का येत नाही? क्रोमेटातून दोनऐवजी तीन आयन सुटतात, त्यामुळे गुणाकारांची थेट तुलना करता येत नाही. प्रत्यक्ष विद्राव्यता क्रोमेटाचीच सु. पाचपट जास्त आहे.

इतिहास : निसर्गात मिळणारे सिल्व्हर क्लोराइड ‘हॉर्न सिल्व्हर’, म्हणजे शिंगासारखी चांदी, या नावाने यूरोपातील खाणकामगारांना माहीत होते. जॉर्ज फाब्रिशिअस यांच्या १५६५ च्या सुमाराच्या लेखनात त्याचा उल्लेख येतो. प्रकाशाने ते काळे पडते हेही फाब्रिशिअस यांना ठाऊक होते, असे पुढे लिहिले गेले. त्याला मूळ मजकुराचा आधार दिसत नाही. ते श्रेय योहान हाइन्रिख शुल्झ यांच्या चांदीच्या क्षारांवरील प्रयोगांना देणे सुरक्षित. त्यांचा काळ काही जण १७१७, तर काही १७२७ देतात; पहिले वर्ष प्रयोगाचे व दुसरे प्रसिद्धीचे असावे. १७७७ मध्ये कार्ल शेले यांनी दाखवले, की अमोनियात न काळवंडलेले क्लोराइड विरघळते आणि काळी चांदी मागे उरते. छायाचित्र टिकवण्याची किल्ली येथेच होती, पण ती कोणी उचलली नाही. १८०२ मध्ये वेजवुड व डेव्ही यांची चित्रे उजेडात काळी पडतच राहिली. जॉन हर्शेल यांना १८१९ मध्ये हायपोत (सोडियम थायोसल्फेट) चांदीचे क्षार विरघळतात हे आढळले आणि १८३९ मध्ये त्यांनी ते छायाचित्रणासाठी वापरले.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–८९) यांच्या टेबल-टॉप छायाचित्रांच्या काळातील कृष्णधवल मुद्रिते हायपोतून काढल्यावरच टिकत. पाण्याने जे निघत नाही ते थायोसल्फेट जटिल संयुग करून काढते. हायपो नीट धुतला गेला नाही, तर काही वर्षांनी चित्रावर पिवळे डाग उतरतात.

वापरलेल्या हायपोतून चांदी परत मिळवता येते. सोनारी कामातही तेजाबात (नायट्रिक अम्ल) विरघळवलेली चांदी मीठ घालून क्लोराइडाच्या रूपात खाली बसवता येते. तांब्याची पट्टी बुडवून धातुरूप चांदी काढण्याची रीत निराळी.

आयोडाइडाची स्फटिकरचना बर्फाशी जुळते व ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून कृत्रिम पावसासाठी ते फवारतात. हा गुण बर्नार्ड व्हॉनेगट यांनी १९४६ मध्ये दाखवला. ॲस्टेटीन या पाचव्या हॅलोजनाचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही सु. ८ तासांत निम्मा होतो. त्याचे चांदीचे संयुग आयोडाइडाच्या साक्याबरोबर खाली बसते.